खरवडलेल्या चिपचा छडा

जुन्या होम कॉम्प्युटरचे दोन बोर्ड. एकावरची २० पिनांची चिप मेलेली, दुसऱ्यावरची तीच चिप चांगली, पण तिचा नंबर कुणीतरी खरवडलेला. १० ला ग्राउंड, २० ला ५ व्होल्ट, म्हणजे बहुधा पाल १६एल८, आत हवं ते लॉजिक एकदाच भरता येणारी चिप, असा अंदाज बांधला. चांगली चिप काढून अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडली, १ ते ९ आणि ११ या दहा इनपुट पिनांची शून्य-एकची सगळी १,०२४ कॉम्बिनेशन्स फिरवली आणि आउटपुटांचा तक्ता केला. तक्ता दरवेळी वेगळा! दोन रात्री ब्रेडबोर्डच्या तारा हलवत बसलो, उगाचच.

मग एकेका आउटपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर आधी ५ व्होल्टला, नंतर ग्राउंडला लावून पाहिला. १४ नंबरची पिन मुकाट त्याच्यामागे गेली, आणि त्याच्यासोबत १२ आणि १९ सुद्धा बदलले. अरे, हा तर इनपुट! मीच त्याला कशालाही न जोडता लोंबकळत ठेवला होता. आता २,०४८ ओळी, तिन्ही वेळा तंतोतंत. तक्त्यावरून लॉजिकची समीकरणं काढून जीएएल१६व्ही८ या पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या चिपमध्ये भरली आणि ती मेलेल्या चिपच्या जागी बसवली. पडद्यावर कर्सर लुकलुकला.