मुंबईच्या थंडीसाठी स्वेटर: टाके घालण्यापूर्वीची तयारी

स्वेटर विणायला घेण्याआधी तो कधी आणि कोठे अंगावर चढणार, हे ठरवावे. मुंबईत डिसेंबर-जानेवारीतही कडाक्याची थंडी क्वचितच पडते. पहाटेचा फेरफटका, कार्यालयातील एसी आणि २०१७च्या डिसेंबरात सुरू झालेली एसी लोकल एवढ्यांपुरतीच ऊब हवी असते, आणि दुपारी तो काढून पिशवीत ठेवावा लागतो. म्हणून पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर सर्वांत सोयीचा.

जाड, केसाळ लोकर टाळावी. सुती किंवा सूत आणि ॲक्रिलिकच्या मिश्रणाचा दोरा येथे चालतो; बारीक मेरिनो लोकर त्वचेला टोचत नाही, पण महाग पडते. सुती दोरा जड असतो आणि त्याला लोकरीसारखी लवचिकता नसते, त्यामुळे वापरात स्वेटर खाली ओघळतो. लांबी थोडी कमीच धरावी. दोरा वजनावर नव्हे, मीटरवर मोजून घ्यावा, कारण ५० ग्रॅमच्या गुंड्यात सुती दोरा सहसा लोकरीपेक्षा कमी लांबीचा भरतो. मध्यम जाडीच्या दोऱ्यात, मध्यम मापाच्या आणि पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण बाराशे ते चौदाशे मीटर लागतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, हे दुकानातच पट्टीवरील क्रमांक पाहून तपासावे. दिव्याखाली न दिसणारा रंगातील फरक उन्हात पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा उठून दिसतो.

सुयांच्या बाबतीत गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते: ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर १० क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी नमुन्यातील ८ क्रमांक मात्र ५ मिलिमीटरचा असतो. तेव्हा क्रमांकाच्या भानगडीत न पडता मिलिमीटर पाहावे. दमट हवेत घामेजल्या बोटांना बांबूच्या सुया बऱ्या वाटतात, आणि लोकलमध्ये विणणाऱ्यांनी वायरने जोडलेली गोल सुई घ्यावी, म्हणजे शेजारणीला कोपर लागत नाही.

खरी तयारी आधी विणून पाहायच्या नमुन्याच्या तुकड्याची, आणि तिचाच सर्वांना कंटाळा. ठरलेल्या दोऱ्याचा, निदान १५ सेंटीमीटरचा चौकोन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणावा, स्वेटर धुणार तसाच धुवावा, सपाट पसरून पूर्ण वाळवावा आणि मगच मधल्या १० सेंटीमीटरमधील टाके मोजावेत. तेथे २२ टाके बसत असतील, तर ११० टाक्यांची पाठ ५० सेंटीमीटर रुंद होते. २० बसत असतील, तर तीच पाठ ५५ सेंटीमीटर होते आणि पुढचा भाग धरून घेर १० सेंटीमीटरनी वाढतो. टाके हव्या त्या संख्येपेक्षा कमी भरल्यास बारीक सुई घ्यावी, जास्त भरल्यास जाड.

माप अंगावर घेण्यापेक्षा नीट बसणारा जुना स्वेटर जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत घेतलेले बरे. आतून कुर्ता किंवा शर्ट असणार, हे लक्षात घेऊन छातीच्या घेरापेक्षा ५ ते १० सेंटीमीटर सैल ठेवावा.

शिवणीसाठी बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई, टेप, काही मोठ्या सेफ्टी पिना आणि बटणे एकाच कापडी पिशवीत असावीत. प्लास्टिकच्या पिशवीत दोऱ्याला कुबट वास धरतो. ओळींची नोंद ठेवायला वही हवीच. गुंड्यावरील एक पट्टी तिच्यातच चिकटवावी, कारण गुंडा कमी पडला तर दुकानदार आधी तीच मागतो.