लेह-काझाच्या थंडीत डिझेल गाडी सकाळी सुरू कशी होईल?

थंडीत गाडी अडते ती तीन ठिकाणी: टाकीतलं डिझेल, बॅटरी आणि ऑइल, आणि गारठलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य लोखंडी भाग. लोक ब्लॉक तापवणारा हीटर आधी विकत घेतात आणि टाकीत मात्र पुण्याचं डिझेल तसंच असतं. त्यामुळे सुरुवात डिझेलपासून.

साध्या डिझेलने हिवाळ्यातसुद्धा फक्त ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून विनाअडथळा जावं, एवढीच मानकाची अट आहे. त्याखाली त्यातलं मेण सुटू लागतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. वर पोचताना टाकी रिकामी होत आलेली असेल असं बघा, विंटर डिझेल आहे का हे पंपावर विचारून मगच भरा, आणि लगेच उभी न करता १५-२० किलोमीटर चालवा. नवं डिझेल फिल्टर आणि रिटर्न लाइनपर्यंत (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) पोचल्याशिवाय भरल्याचा काही उपयोग नाही. फिल्टरखालचं पाणीही निघण्यापूर्वी काढून टाका. बीएस-६ गाडीत रॉकेल मिसळू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

ऑइल १५डब्ल्यू-४० असेल तर निघण्यापूर्वी थंडीत जास्त पातळ राहणारं ५डब्ल्यू घाला, पण मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर यात तडजोड नको. कूलंट (पाणी न मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवलं तर ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. वाटेत नुसतं पाणी ओतलेलं असेल तर प्रमाण तपासून घ्या. नाहीतर ब्लॉकच फुटेल.

आता उष्णता. लेह ३,५०० मीटरवर, काझा त्याहून उंच. विरळ हवेत डिझेल उशिरा पेट घेतं, म्हणून ब्लॉक आधीच कोमट असणं इथे जास्त महत्त्वाचं. ब्लॉक हीटर ४०० ते १००० वॉटचा असतो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल झाकणं असतात, त्यातलं एक काढून तिथे तो बसतो आणि कूलंट तापवतो. तुमच्याच इंजिनच्या मापाचा घ्या. बसवल्यावर कूलंट भरून हवा पूर्ण काढा, कारण कोरडा एलिमेंट काही मिनिटांत जळतो. रात्रभर लावायची गरज नाही. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावून झोपा. ८०० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर. होमस्टेच्या जुन्या सॉकेटला हेही जड जाऊ शकतं, म्हणून जाड वायरचं एक्स्टेन्शन न्या आणि प्लग हाताला तापलेला लागतो का ते पाहा.

वीज नसेल तर डिझेलवर चालणारा कूलंट हीटर. महाग पडतो, पण हिवाळाभर वर राहणाऱ्याने तोच घ्यावा. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली स्टोव्ह किंवा शेगडी पेटवणारे अजून दिसतात. जुन्या ट्रकला ते खपून गेलं. आजच्या गाड्यांना खाली प्लॅस्टिकचं कव्हर, वायरिंग आणि रबरी नळ्या असतात. रात्रभर इंजिन चालू ठेवण्याने डिझेल जातं, डीपीएफ काजळीने भरतो, आणि बंद शेडमध्ये तो धूर जीव घेतो.

गाडी भिंतीच्या आडोशाला, तोंड सकाळच्या उन्हाकडे करून लावा. गियरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड द्या. हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. बोनेटवर जाड घोंगडी टाका, सुरू करण्याआधी ती काढा.

सकाळी चावी ऑन करा, हीटर प्लगचा (सिलिंडर आतून तापवणारा ग्लो प्लग) दिवा विझू द्या, बंद करून पुन्हा एकदा तसंच करा. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारा. नाही पकडलं तर एक मिनिट थांबा. इथे कान द्या: सेल्फ कण्हत फिरत असेल तर बॅटरी किंवा ऑइल, जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतंय, तर डिझेल जमलंय. मग फिल्टरला गरम पाण्याची रबरी पिशवी टेकवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. उघडं पाणी ओतलंत तर त्याचाच बर्फ होईल. इंजिन पटकन पेटावं म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन-रिंगा मोडतात.

सुरू झाल्यावर रेस न करता दोन-तीन मिनिटं थांबा, ब्लॉक हीटरची वायर काढा आणि हळू चालवत निघा. अॅडब्लू (धूर स्वच्छ करायला काही गाड्यांत वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं द्रावण) उणे ११ ला गोठतं, पण त्याच्या टाकीला स्वतःचा हीटर असतो. त्यात काही मिसळायला जाऊ नका.