लिनक्सवर मेमरी कार्ड दिसत नसेल, तर तपास कसा करावा

कार्ड रीडर जोडला, त्यात कार्ड बसवले आणि संगणकावर काहीच उमटले नाही, ही तक्रार ऐकायला एकच वाटत असली, तरी तिच्या पोटात चार निरनिराळे बिघाड असू शकतात. रीडरच संगणकाला दिसत नसतो. किंवा रीडर दिसतो, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग, चढलेला नसतो. किंवा ड्रायव्हर असूनही खाचेतले कार्ड त्याला जाणवत नाही. किंवा हे सगळे सुरळीत असूनही कार्डावरची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, उघडत नाही. साखळी नेमकी कुठे तुटली आहे, हे ठरवण्याआधी कुठून तरी मिळालेली आज्ञा चालवण्यात अर्थ नसतो, कारण चौथ्या प्रकारच्या बिघाडावर पहिल्या प्रकारचे उपाय करण्यातच बहुतेकांची संध्याकाळ वाया जाते.

या लेखात आज्ञांची अक्षरे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांनीच टाइप करावीत आणि वाचण्याच्या सोयीसाठी अक्षरांमध्ये घातलेल्या रेघा सोडून द्याव्यात.

सर्वांत आधी प्लास्टिककडे पाहावे. अडॅप्टर हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. मायक्रोएसडी कार्ड ज्यात सरकवून मोठ्या एसडी कार्डाच्या आकाराचे केले जाते, त्या कवचात कोणतेही इलेक्ट्रॉनिक डोके नसते. कार्डाचे संपर्क-बिंदू बाहेरच्या मोठ्या बिंदूंपर्यंत नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या तेवढ्या असतात. त्यामुळे लिनक्सला ते कवच कधीच 'दिसत' नाही आणि त्याच्यासाठी ड्रायव्हर शोधणे व्यर्थ असते. यूएसबीला जोडायचा रीडर मात्र स्वतंत्र उपकरण असतो, त्याच्यात नियंत्रक चिप असते आणि कार्ड नसतानाही तो संगणकाला स्वतःची ओळख सांगतो. मी एकदा दोन तास कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी चाळत बसलो होतो आणि शेवटी दोष निघाला तो कार्डाबरोबर फुकट मिळालेल्या कवचातल्या एका वाकलेल्या पट्टीचा. म्हणून शक्य असल्यास दुसरे कवच वापरून पाहावे, कार्डाचे सोनेरी बिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि कवचाच्या कडेची छोटी सरकपट्टी कुलूप-स्थितीत नाही याची खात्री करावी. ती पट्टी कार्डाला काहीच कळवत नाही. रीडरमधली कळ तिची जागा चाचपते आणि त्यावरून लिहिण्याची मुभा द्यायची की नाही हे ठरते. म्हणजेच, कार्ड वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

आता खरा तपास. टर्मिनल उघडून 'सुडो' (आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) आणि त्यापुढे 'डी-एम-ई-एस-जी' ही आज्ञा, मग एक मोकळी जागा, वजाचिन्ह आणि डब्ल्यू, असे टाइप करावे. कर्नलच्या नोंदी घडतील तशा पडद्यावर येऊ लागतात. ही खिडकी उघडी ठेवूनच रीडर काढावा, पुन्हा लावावा आणि मग कार्ड आत सरकवावे. कोणत्या कृतीनंतर ओळ उमटली आणि कोणत्या कृतीनंतर उमटली नाही, एवढ्यावरून निम्मे निदान होते. रीडर लावल्यावर एकही ओळ आली नाही, तर दोष पोर्टचा, केबलचा किंवा रीडरचाच असतो. मधला हब काढून संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये रीडर थेट लावून पाहावा. ओळी आल्या, पण त्यांत उणे ७१ किंवा उणे ११० असे त्रुटी-क्रमांक असतील, तर पहिला संवादातील गोंधळाचा आणि दुसरा वेळेत उत्तर न मिळाल्याचा असतो. यूएसबी रीडरच्या बाबतीत या दोहोंमागे बहुधा खराब केबल किंवा अपुरा वीजपुरवठा निघतो. 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते. त्या यादीत रीडर असेल, तर पहिली कडी शाबूत आहे असे समजून पुढे जावे.

लॅपटॉपच्या कडेला असलेल्या खाचेची गोष्ट थोडी निराळी आहे. ती पुष्कळदा पीसीआय मार्गावर, म्हणजे संगणकातील अंतर्गत जोडणीवर, असते, त्यामुळे ती यूएसबीच्या यादीत सापडत नाही आणि लोक रीडर मेला असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तिच्यासाठी 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा चालवावी आणि तिच्यापुढे मोकळी जागा, वजाचिन्ह, दोन वेळा एन आणि एकदा के अशी अक्षरे जोडावीत. मग प्रत्येक उपकरणाखाली त्याला सध्या कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही छापले जाते. रिअलटेकच्या पीसीआय रीडरसाठी 'आरटीएसएक्स अंडरस्कोर पीसीआय' आणि त्याच्या जोडीने एसडी कार्ड हाताळणारा, नावाच्या शेवटी 'एसडीएमएमसी' असलेला भाग, अशी दोन मॉड्यूल, म्हणजे कर्नलला हवे तेव्हा जोडता येणारे ड्रायव्हरचे भाग, लागतात. याच कंपनीचे काही रीडर लॅपटॉपच्या आत असूनही यूएसबीवर असतात आणि त्यांच्यासाठी 'आरटीएसएक्स अंडरस्कोर यूएसबी' हे मॉड्यूल असते. प्रमाणित पद्धतीने चालणारे बरेच नियंत्रक 'एसडीएचसीआय अंडरस्कोर पीसीआय' वर चालतात. उपकरण यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, असे दिसल्यास 'सुडो मॉडप्रोब' आणि त्यापुढे मॉड्यूलचे नाव टाकून ते हाताने चढवून पाहावे. ते चढल्याबरोबर कार्ड दिसू लागले, तर 'ई-टी-सी' फोल्डरमधील 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये त्या मॉड्यूलला काळ्या यादीत टाकणारी एखादी जुनी ओळ पडून आहे का, हे अवश्य तपासावे. उपकरण यादीतच नसेल, तर संगणकाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कार्ड रीडर बंद करून ठेवण्याची सोय काही लॅपटॉपमध्ये असते, ती पाहावी.

रीडर आणि ड्रायव्हर दोन्ही जागेवर असतील, तर 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा द्यावी. यूएसबी रीडरमधील कार्ड साधारणतः एसडीबी किंवा एसडीसी अशा नावाने, म्हणजे बाहेरच्या डिस्कसारखे, दिसते; पीसीआयवरील रीडरमधले कार्ड 'एमएमसीबीएलके०' अशा नावाने येते आणि त्यावरच्या पहिल्या पार्टिशनच्या (विभागाच्या) नावापुढे पी१ लागते. चार-पाच खाचांचा रीडर असेल, तर प्रत्येक खाचेला स्वतंत्र नाव मिळू शकते आणि रिकाम्या खाचांचा आकार शून्य असतो. हा बिघाड नव्हे. पूर्वी अनेक कर्नल अशा रीडरची फक्त पहिली खाच तपासत असत आणि बाकीच्या खाचा उघड करण्यासाठी कर्नल पुन्हा बांधावे लागे. त्या काळातले सल्ले अजून फिरत असतात. लिनक्सच्या आजच्या वितरणांत (उबुंटूसारख्या तयार संचांत) त्यांची गरज पडत नाही.

आपण ज्या खाचेत कार्ड घातले आहे, तिचाही आकार शून्यच दिसत असेल, तर मात्र तिसरी कडी तुटली आहे. यूएसबी रीडरमध्ये कार्ड आले की नाही, हे रीडर आपण होऊन सांगतोच असे नाही; कर्नल त्याला ठरावीक अंतराने, सर्वसाधारणपणे दर दोन सेकंदांनी, विचारत राहते. ही विचारणा कुठल्या तरी बदलामुळे बंद पडली असेल, तर कार्ड आत असूनही नोंद होत नाही. यावर सोपा उतारा म्हणजे आधी कार्ड रीडरमध्ये बसवावे आणि मग रीडर संगणकाला जोडावा. असे केल्यावर कार्ड दिसत असेल, तर रीडर चांगला आहे आणि दोष विचारणेचा किंवा वीज वाचवण्याच्या व्यवस्थेचा आहे, असे धरावे.

तसे नसेल, तर कार्डाची पिढी पाहावी. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी होती. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसीने ती ३२ जीबीपर्यंत नेली आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या एसडीएक्ससीने २ टीबीपर्यंत. एसडीएचसीमध्ये पत्ता बाइटऐवजी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजला जातो, म्हणून केवळ जुनी पद्धत जाणणाऱ्या रीडरला नवे कार्ड कळत नाही. तिथे लिनक्स काहीही करू शकत नाही. नवा रीडर घेणे हाच मार्ग आहे आणि तो महागही नाही.

लॅपटॉपच्या खाचेत वेगवान कार्ड घातल्यावर उणे ११० ही त्रुटी येत असेल आणि जुने, संथ कार्ड मात्र चालत असेल, तर वेगळा संशय घ्यावा. वेगवान कार्डे संदेशांसाठी ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर उतरतात आणि काही नियंत्रकांना हे उतरणे नीट जमत नाही. ड्रायव्हर एसडीएचसीआय असेल, तर त्या मॉड्यूलच्या 'डीबग अंडरस्कोर क्वर्क्स२' या पर्यायाला ४ ही किंमत दिल्यास कर्नल १.८ व्होल्टच्या वाटेला जात नाही. याची किंमत वेगात मोजावी लागते, कारण मग कार्ड सेकंदाला २५ एमबीच्या आसपासच अडते. तरीही अजिबात न दिसणाऱ्या कार्डापेक्षा संथ कार्ड बरे.

राहिली फाइल सिस्टिम. 'एल-एस-बी-एल-के' नंतर मोकळी जागा, वजाचिन्ह आणि एफ जोडल्यास प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम कळते. ३२ जीबीहून मोठी कार्डे कारखान्यातून एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये येतात आणि लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅटचा आधार २०१९ च्या अखेरीस ५.४ या आवृत्तीत आला. त्याआधीचे कर्नल असेल, तर त्यासाठी वेगळे फ्यूज (कर्नलच्या बाहेरून फाइल सिस्टिम चालवणारे) पॅकेज बसवावे लागते. फोनमध्ये कार्ड अंतर्गत साठवण म्हणून वापरले असेल, तर अँड्रॉइड त्यावरची माहिती त्या फोनपुरती कूटबद्ध करते, त्यामुळे ती संगणकावर वाचता येणार नाही. हा रीडरचा दोष नाही. कार्डावर काय आहे हे कळत नाही म्हणून लगेच फॉरमॅट करू नये आणि फॉरमॅट करायचेच ठरले, तर आकार पाहून नाव दोनदा पडताळावे, कारण एसडीए आणि एसडीबी यांच्यात एकाच अक्षराचा फरक असतो आणि त्यातले पहिले बहुधा आपली स्वतःची डिस्क असते.

कार्ड दिसू लागल्यावरही एक घोटाळा संभवतो. फाइल मॅनेजरमधून 'सुरक्षितपणे काढा' निवडल्यावर काही वेळा केवळ कार्ड माउंटमधून उतरत नाही (म्हणजे त्याची फाइल सिस्टिम संगणकापासून वेगळी होत नाही), तर संपूर्ण यूएसबी रीडरच बंद केला जातो. त्यानंतर तोच रीडर तसाच लावलेला ठेवून दुसरे कार्ड घातले, तर ते दिसत नाही. अशा वेळी रीडर उपटून पुन्हा लावावा, आणि एकामागून एक बरीच कार्डे वाचायची असतील, तर प्रत्येक कार्डासाठी फक्त 'अनमाउंट' निवडावे.