लाल रोल भरण्याआधी

रेडस्केल म्हणजे फिल्म कॅमेऱ्याचा साधाच रंगीत निगेटिव्ह रोल, फक्त पालथा गुंडाळलेला. प्रकाश पाठीकडून शिरतो आणि आधी लाल थराला भिडतो. निळ्या थराच्या आड पिवळा गाळणीथर येत असल्यामुळे तो जवळजवळ उपाशीच राहतो. वेचणीला आलेल्या वावरातला पांढराशुभ्र कापूस फोटोत पिवळा-नारिंगी दिसतो, तो यामुळे.

आधी कॅमेरा तपासा. मागचं झाकण उघडून खोबणीतला, प्रकाश अडवणारा फोम नखाने दाबून पाहा. नखाला काळा चिकटा लागला तर फोम गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून काढा, जागी काळी लोकर बसवा, शटरच्या पडद्याला मात्र हात लावू नका. प्रकाश गळत असेल तर या रोलवर पट्टे उमटतात आणि लोक त्यालाच 'इफेक्ट' म्हणतात. म्हणून अनोळखी कॅमेऱ्यात पहिला रोल साधाच घाला. झाकणाच्या आतली दाबपट्टीही मऊ कापडाने पुसा. इथे फिल्मची नाजूक, रसायनाची बाजू तिच्यावर घासते. धुळीचा एक कण रोलभर ओरखडा पाडतो.

आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, हाताने लावता येईल असाच कॅमेरा घ्या. 200 चा रोल 50 वर लावा, दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट प्रकाश लागतोच. प्रकाश मोजणारा मीटर बंद असेल तर कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ 8 आणि शटर 1/250 सेकंद. त्याहून कमी दिलं की सगळं गडद विटकरी. थोडं जास्त दिलं तर पिवळा रंग खुलतो.

भरताना सावलीत बसा. नेहमी आपल्याकडे चकचकीत पाठ दिसते, इथे निस्तेज बाजू दिसेल. चुकून उलटा बसला म्हणून काढू नका. दोन्ही काठांची भोकं दात्यांत बसली का बघा. रोल पुढे सरकवताना रिवाइंडची मूठ फिरली पाहिजे, नाहीतर रोल जागचा हललेलाच नाही.

मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसवर जातो. गाडीच्या डिक्कीत रोल ठेवू नका. फ्रिजमधला रोल डबीसकट दोन तास बाहेर राहू द्या, मगच डबीचं झाकण उघडा, नाहीतर आत दव धरतं.

धुलाई साध्या सी-41 मध्येच, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या रसायनांतच होते. पार्सलमध्ये चिठ्ठी घाला: रोल रेडस्केल आहे, स्कॅन आडवा उलटून द्या, रंग दुरुस्त करू नका. हे लिहिलं नाही तर स्कॅनर आपल्या अकलेने लाली काढून टाकायला बघतो. निगेटिव्हही परत मागवा.