कापडी छत लावायचंय? आधी झोळाचा हिशेब करा

हॉल मोजलाय, भिंतीवरच्या हुकांना तार बांधायची परवानगी काढलीय, घोडा (दुहेरी शिडी) आणि दोन मदतनीस हाताशी आहेत, असं धरून चालते. उदाहरणाला ४० बाय ६० फुटांचं मंगल कार्यालय घेऊ.

कापड जॉर्जेट, ५८ इंच पन्ह्याचं. सॅटिन नको, ते जड असतं आणि गाठीतून सरकतं. मधोमध तीन फुटांचं लोखंडी कडं आणि तिथून भिंतींकडे १४ पट्टे: चार कोपऱ्यांना, लांब भिंतींवर तीन-तीन, आखूड भिंतींवर दोन-दोन. साधारण १४० मीटर कापड लागतं. भिंतीलगत चारही बाजूंनी जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) ताणा आणि दर पाच फुटांवर हुकात अडकवा, नाहीतर पट्ट्यांच्या ओढीने ती आत वाकते.

आता झोळ, म्हणजे कापड मध्ये किती खाली लोंबतं ते. "अंतरापेक्षा दहा टक्के कापड जास्त सोडा" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला मी ते ऐकलं होतं. बारा-तेरा फुटांवर बांधलेलं कापड मध्ये इतकं खाली आलं की हात वर केला की हातात यायचं. रात्री दोन वाजता सगळं सोडून पुन्हा बांधलं.

कारण साधं आहे. ३० फुटांच्या अंतरात दोन फूट झोळ हवा असेल तर जास्तीचं कापड लागतं जेमतेम चार इंच. एक फूट सोडलंत तर झोळ सव्वातीन फुटांच्या पुढे जातो. दहा टक्के, म्हणजे तीन फूट सोडलंत तर पावणेसहा फूट! म्हणून टक्केवारी विसरा आणि सुतळी घ्या. कड्यापासून भिंतीपर्यंत ती बांधून हवा तेवढा झोळ डोळ्यांनी ठरवा, मग सुतळी उतरवून मोजा. बांधायला दोन्ही टोकांना एकेक फूट वाढवा. हे प्रत्येक दिशेला वेगळं करावं लागतं, कारण मध्यापासून लांब भिंत २० फुटांवर आहे आणि कोपरा ३६ फुटांवर. सगळे पट्टे एकाच मापाचे कापणाऱ्याचं जवळपास पाचवा हिस्सा कापड वाया जातं.

कडं जमिनीवर असतानाच पट्टे बांधा. टोकाला साडीच्या निऱ्यांसारख्या बोटभर चुण्या घाला, चिमटीत घट्ट धरा आणि केबल टायने आवळा. नुसतं गोळा करून बांधलेलं कापड वरून चिंधीसारखं दिसतं. मग छताच्या मधल्या हुकातून दोर ओवून कडं वर घ्या.

भिंतीकडची टोकं नेहमी समोरासमोरच्या जोडीने बांधा. एका बाजूचे सगळे पट्टे आधी बांधले की कडं तिकडे ओढलं जातं, तिरकं होतं आणि मग कितीही ताणलं तरी सरळ होत नाही. पहिली फेरी सैल बांधा, दुसरीत ताणा. जॉर्जेट लोंबल्यावर थोडं वाढतं, म्हणून तासा-दोन तासांनी तिसरी फेरी माराच.

दोन गोष्टींत तडजोड नको. छताच्या पंख्यांची बटणं चिकटपट्टीने बंद करा, कारण गरम झालं की कुणीतरी पंखा लावतोच. आणि विवाहहोम होणार असेल तर बोहल्यावरचा भाग मोकळाच सोडा. जॉर्जेट बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं, ते पेटलं की वितळून खाली ठिबकतं. हॅलोजनही जवळ नको, एलईडीच लावा.

झालर, फुलं, दिवे शेवटी, आवडीप्रमाणे.

उतरवताना प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला मार्करने 'कोपरा', 'लांब भिंत मध्य' असं लिहून गुंडाळी करा. त्याच हॉलमध्ये पुढच्या वेळी सुतळी लागणार नाही.