विमानाभोवतीची फेरी: पिटो आणि स्टॅटिक

उशीर झाला की उड्डाणापूर्वीची ही फेरी आधी आखडते. नाकाजवळच्या पिटो नळ्यांवरची (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या) आवरणं काढून मोजा. एअरबस ए३३० या प्रवासी विमानाला तीन. २०१८ मध्ये ब्रिस्बेनला तिन्ही तशीच राहिली आणि विमान वेगदर्शकाविना उडालं. सुदैवाने सुखरूप परतलं.

स्टॅटिक छिद्रं, म्हणजे उंची-वेगासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं, जास्त फसवी. ती पत्र्याच्या पातळीत असतात, धुलाईवेळी त्यांवर लावलेली चंदेरी चिकटपट्टी लांबून दिसतच नाही. जवळ जाऊन टॉर्च तिरका धरा. १९९६ मध्ये लिमाजवळ धुलाईनंतर राहिलेल्या पट्टीने उंची-वेगाचे आकडे बिघडवले; ७० जण गेले.

धावपट्टीवर ८० किंवा १०० नॉटला (नॉट: वेगाचं एकक) दोन्ही वैमानिकांचे वेग जुळवा. जुळले नाहीत तर तिथेच थांबा. मात्र पिटो सगळ्याच झाकलेल्या असल्या तर आकडे सारखेच चुकतात, म्हणून ग्राउंडस्पीडही (जमिनीच्या सापेक्ष वेग) बघा.