लाल मुनियाचा लाल रंग हातचा जाऊ देऊ नका

पावसाळ्यात लाल मुनिया पक्ष्याचा नर विणीच्या रंगात येतो आणि उरण-भांडुपच्या पाणथळींकडे कॅमेरे निघतात. शटर स्पीड, फोकस पॉइंट तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही.

खरी गडबड रंगात होते. एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) बरोबर, हिस्टोग्राम (त्या उजेडाचा आलेख) मधोमध, पक्ष्याचा डोळा सुस्पष्ट. छातीवरची पिसं मात्र गायब, नुसता सपाट लाल गोळा. लेन्स बदलायला धावू नका. कॅमेऱ्यातला साधा हिस्टोग्राम एकूण उजेड दाखवतो. त्या हिशेबात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त, लालचं बरंच कमी. त्यात भोवती सगळं गवत आणि मधे जेमतेम १० सेंटिमीटरचा पक्षी. लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, मर्यादा ओलांडून उजव्या कडेला आदळला तरी आलेखावर काही दिसत नाही. म्हणून मेनूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) चालू करा, आजच. लाल आलेख कडेला चिकटला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (स्टॉप हे उजेडाचं माप) उतरवा आणि पुन्हा बघा. गवत काळपट दिसलं तर दिसू दे. रॉ फाइलमधल्या (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) सावल्या उजळता येतात, पार उडालेला लाल परत येत नाही.

हा आलेखही जेपीईजीवरून (कॅमेऱ्यानं स्वतः रंग बसवलेल्या फोटोवरून) काढलेला असतो, त्यामुळे पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची मांडणी, ‘व्हिविड’ नको, ‘न्यूट्रल’ ठेवा.

हाच सापळा घरी संगणकावर पुन्हा भेटतो. एसआरजीबीत (स्क्रीन आणि वेबसाठीची नेहमीची रंगमर्यादा) इतका गडद लाल मावत नाही, म्हणून रॉमध्ये शाबूत असलेली पिसं एक्स्पोर्ट करताना सपाट होतात. लालचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवायचं नाही, थोडं उतरवायचं. ल्युमिनन्सही (उजळपणा) किंचित खाली. सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतरचे रंग आधीच दाखवणारी सोय) लावून हे करा, पिसांच्या कडा परत दिसू लागतील. विकतच्या प्रीसेटवर (तयार रंगबदलांचा संच) पैसे घालवू नका. हळद्या पक्ष्यावर खुललेला प्रीसेट मुनियाची माती करतो.

फोटोग्राफी शिकवणाऱ्या गुरूचंही तसंच. जो स्वतःची न सुधारलेली रॉ फाइल उघडून दाखवतो, त्याच्याकडे शिका. घरट्यापाशी नेणारा किंवा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारा कितीही नावाजलेला असो, त्याच्यासोबत जाऊ नका. विणीच्या दिवसांत हे पिल्लांच्या जिवावर बेततं.

सुरुवातीला बरेच फोटो सपाट येतील. खचू नका, लाल रंग सगळ्यांनाच छळतो, मलाही अजून धाकधूक असते. ढगाळ सकाळ मिळाली तर सोडू नका, पसरलेल्या उजेडात हा रंग बराच आवरतो. आणि नराशेजारी तपकिरी मादी बसली तर एक्स्पोजर नराचंच धरा. मादीला नंतर उजळता येतं.